हर्षलच्या सात निळ्या वरचड्ड्या

जळगावात खरी हुशार माणसं तीन. त्यातल्या दोघांची नावं मला आत्ता आठवत नाहीत, यावरून तिसरा कोण ते तुम्ही ओळखलं असेलच.

मी चुडामण नथ्थू नेहेते. मूळ गाव सावदा. जन्म केळी पिकवणाऱ्या घरात, पण माझं लक्ष केळीत कधीच नव्हतं. केळी कोण तोडून नेतो यात होतं. आमच्या मळ्यातले घड पहाटे गायब करणारा माणूस मी वयाच्या अकराव्या वर्षी एकट्याने शोधून काढला. ते आमचे वडीलच निघाले. व्यापाऱ्याला माल देत होते. त्यांनी मला तिथेच दोन ठेवून दिल्या, पण तपासाची पद्धत बिनचूक होती हे आजही गावात कुणी नाकारत नाही.

पोटासाठी मी घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडतो. मनाने गुप्तहेर. दारावर पाटी आहे, ‘चु. न. नेहेते, खाजगी गुप्तहेर, घंटा दाबावी.’ घंटा चालत नाही. पाटीखाली आमच्या हिने खडूने लिहिलंय, ‘दूध ओट्यावर ठेवून जावे.’ जगात थोर माणसाच्या बायकोला थोरपणा दिसत नाही, त्याला इलाज नाही.

माझा मदतनीस भटू. धुळ्याकडचा, वीज खात्यात खांबावर चढायचं काम करतो, मिशा भारदस्त, बोलणं अहिराणी. मी त्याला मदतनीस मानतो. तो मला काय मानतो हे विचारायचं राहून गेलंय.

आता प्रकरण. साल ब्याण्णव, पावसाळा संपत आलेला, भादव्यातले दिवस. आमची तीन घरांची ओळ. डावीकडे कलाबाई, उजवीकडे प्रमिलाबाई, मधे आम्ही. मागे तिघांत एक अंगण, अंगणात एक कडुनिंब, आणि निंबापासून आमच्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची एक तार. माझी सायकल कलाबाईंच्या बाजूने निंबाला टेकलेली असते.

कलाबाई आणि प्रमिलाबाई एके काळी एका ताटात जेवायच्या. गेली तीन वर्षं अबोला. कारण बिबड्या. उन्हाळ्यात प्रमिलाबाईंनी ज्वारीच्या, पापडासारख्या दीडशे बिबड्या अंगणात वाळत घातल्या नि बाजारात गेल्या. ढग आले. कलाबाईंनी धावत जाऊन सगळ्या ओल्याच उचलल्या आणि एकावर एक रचून ठेवल्या. पाऊस काही पडला नाही. बिबड्या मात्र अशा चिकटल्या की दीडशेची एकच झाली. प्रमिलाबाई चारचौघांत म्हणाल्या, “यापुढे माझ्या वस्तूला हात लावायचा नाही!” तेव्हापासून दोन घरांत शब्द नाही. मधे आम्ही राहतो, पण आम्हाला त्याचा काही त्रास नाही.

त्या रविवारी आमची ही, म्हणजे धुरपदाबाई, आठवडाभर सावद्याला गेली. बहिणीचं डोहाळजेवण होतं. आणि मंगळवारी सकाळी मी सायकलवर टांग टाकतोय तोच प्रमिलाबाई समोर येऊन उभ्या. मागे त्यांची लेक वैजयंता, कडेवर दुपट्यात गुंडाळलेला तीन महिन्यांचा हर्षल.

“भाऊ, चोरी झाली,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा. “काय गेलं?”

“वरचड्ड्या. दोन.”

मी वही काढली. वैजयंताने सांगितलं ते असं. बारशाला तिचे सासरे रुपचंदआबा नरडाण्याहून आले होते. पांढरंशुभ्र नवं धोतर. नातवाला मांडीवर घेतलं, फोटोवाल्याने ‘हसा’ म्हटलं, आणि हर्षलने त्याच क्षणी धोतर भिजवून त्याची जत्रा करून टाकली. फोटोत आबांचा चेहरा तसाच आला. आबा तिला म्हणाले, “आमच्या नरडाण्याच्या बैठकीच्या गादीवर अजून पाण्याचा डाग नाही पडलेला. लक्षात ठेव.”

“येत्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने मला जायचंय, काका,” वैजयंताचे डोळे भरून आले. “तिथे एकच मोठी खोली, तिच्यात आबांची गादी. पोर ओलं करतं म्हटल्यावर मला खाली टेकवूच देणार नाहीत. दिवसभर पोराला हातात धरून उभी राहू का मी?”

तेव्हा प्रमिलाबाईंनी डोकं चालवलं. मुंबईच्या भाच्याने एक पाकीट आणलं होतं, कागदी लंगोटांचं. एकदा वापरायचे नि फेकायचे. प्रमिलाबाईंनी जन्मात दोरीचा तुकडा फेकलेला नाही. त्या म्हणाल्या, फेकायचंच असेल तर आतलं फेका, बाहेरच्याने काय घोडं मारलंय? नवऱ्याचा, निंबाभाऊंचा, रेनकोट कापला. बाहेरून रेनकोटची वरचड्डी, मांड्यांना इलास्टिक, कमरेला टिचबटणांच्या तीन रांगा, म्हणजे पोर वाढलं की चड्डीही वाढते. आत ठेवायची घडी वेगळी. घरी जुन्या धोतराची, धुवायची. प्रवासात कापूस आणि जाळीची, टाकून द्यायची. वरचड्डी तीच, घडी बदलायची. एका रेनकोटात सात बसल्या.

“म्हणजे बादलीवर झाकण,” मी म्हणालो.

“काका, पोर आहे ते माझं,” वैजयंता म्हणाली.

प्रमिलाबाईंनी पुढे सांगितलं. घड्या पटकन वाळतात, त्या दिवसाच आत येतात. वरचड्डीच्या शिवणीत ओल राहते, म्हणून ती संध्याकाळी तासभर तारेवर जास्त ठेवायची. “वहिनी होत्या तोवर रोज दिवेलागणीला त्याच आणून द्यायच्या. त्या गेल्या आणि त्याच संध्याकाळी एक गेली. काल दुसरी.”

माझ्या मेंदूत दिवा पेटला. “याचा अर्थ उघड आहे. चोर माझ्या बायकोला घाबरतो.”

“तेवढ्यावरून कसा ओळखणार? गावात सगळेच घाबरतात,” प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि मला शिल्लक राहिलेली एक वरचड्डी दाखवायला लागल्या. मी हातानेच थांबवलं. चोरीला गेलेली वस्तू बघायची असते. शिल्लक राहिलेली बघून काय उपयोग? मी फक्त रंग विचारला. निळा. मी लिहिलं, ‘निळा रंग सध्या गावात फार चालू आहे,’ कारण माझ्या सायकलच्या सीटचं नवं कव्हरही निळंच होतं.

त्या कव्हराबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण मोठ्या माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात. रविवारी संध्याकाळी कुणी अज्ञात चाहत्याने माझ्या सीटवर एक कव्हर घडी करून ठेवलं होतं. सोमवारी आणखी एक. नाव नाही, गाव नाही. आहे की नाही कदर? मी ते ओढून ओढून सीटवर चढवलं. सीटचं पुढचं टोक एका भोकातून बरोब्बर बाहेर आलं. दुसरं भोक हवा खेळती राहावी म्हणून कारागिराने ठेवलेलं. दुसरं कव्हर पहिल्यावर. काय मऊ! सीट पाहावी तर एखाद्या साहेबाच्या खुर्चीसारखी. ओळीत चोर फिरतोय म्हटल्यावर मी रोज संध्याकाळी कव्हरं काढून आत नेऊ लागलो आणि सकाळी पुन्हा चढवू लागलो. गुप्तहेराने स्वतःच्या मालाची काळजी घ्यायलाच पाहिजे.

प्रमिलाबाईंना मी दोन हुकूम दिले. एक, काय चोरीला गेलंय याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढायचं नाही. दोन, रोज संध्याकाळी एक वरचड्डी तारेवर तशीच सोडायची. सापळा म्हणून.

“पण सापळ्यातलीच गेली तर?”

“जाणारच. त्याशिवाय चोर येईल कसा?”

मंगळवारी संध्याकाळी सापळ्यातली गेली. सापळा उत्तम चालत होता.

बुधवारी मी भटूला घेऊन तपासाला निघालो. भटू सायकलच्या कॅरिअरवर. चौकात पोचलो तर तो म्हणतो, “भाऊ, तुमनी सीट उच्ची व्हयनी शे.”

“विषयांतर नको. संशयित एक: निंबाभाऊ.”

“त्यास्नी स्वतःनीच नातूनी चड्डी चोरी?” भटूने विचारलं.

“रेनकोट कुणाचा होता? त्यांचा. भर पावसाळ्यात कुणी कापला? बायकोने. आता माणूस काय करेल? एकेक तुकडा गोळा करून रेनकोट परत जुळवेल! तीन मिळाले. चार राहिले. कॉलर शेवटी.”

भटूने सीटकडे पाहिलं. मग म्हणाला, “माले हाई चोरी नही वाटस, भाऊ.” बिचाऱ्याला खांबावरून जग दिसतं, पण माणसाच्या आत शिरता येत नाही.

निंबाभाऊ कामाला असलेल्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी आम्ही दबा धरला. पाऊस भुरभुरत होता. निंबाभाऊ पाळी संपवून बाहेर आले, काखेत काहीतरी गुंडाळलेलं. मी झडप घातली. गुंडाळी सोडली तर आत खताची रिकामी गोणी. त्यांनी ती दुमडून डोक्यावर खोळ केली आणि माझ्याकडे बघत राहिले.

“चुडामणभाऊ, बरं आहे ना?”

“रेनकोट कुठे आहे तुमचा?” मी जरबेने विचारलं.

“नातवाच्या बुडाला,” ते म्हणाले. “मी भिजलो तर पुसून घेईन हो. पोरगी सासरी पोराला घेऊन ताठ बसली पाहिजे. बारशाच्या दिवशी तिची मान खाली गेली, ते मला अजून सहन होत नाही.” आणि गोणी डोक्यावर घेऊन ते चालू पडले.

“गुन्हेगार नेहमी असंच गोड बोलतात,” मी भटूला सांगितलं. भटूने नाक शिंकरलं. त्याला सर्दी झाली असावी.

त्याच संध्याकाळी चौथी वरचड्डी गेली. आणि माझ्या चाहत्याने मला चौथं कव्हर दिलं. इकडे गुन्ह्याचा अंधार वाढत होता, तिकडे माझी सीट वाढत होती. आता माझे पाय पॅडलला जेमतेम टेकत होते, पण विचार उंचावरून सुचतात.

मग मी कलाबाईंकडे वळलो. अबोला, शेजार, जुनं वैर. सगळं जुळत होतं. त्या चुलीवर वांगी भाजत होत्या.

“कलाबाई, स्पष्ट विचारतो. प्रमिलाबाईंच्या वस्तूला तुम्ही हात लावता का?”

त्यांच्या हातातलं वांगं राखेत पडलं. “तिनं पाठवलं का तुम्हाला विचारायला?”

“ते गोपनीय आहे.”

“मग माझंही गोपनीय आहे,” त्या म्हणाल्या. “तिला विचारायचं असेल तर तिनं यावं. दोन पावलांवर घर आहे. तीन वर्षं झाली, एकदा तरी विचारलं का तिनं, कला, जिवंत आहे का मेली?” आणि पदराने डोळे पुसले. मी ते धुरामुळे असं धरलं. मग त्या म्हणाल्या, “वहिनी नाही घरी, जेवला का तुम्ही?” आणि पुढ्यात भरीत, कळण्याची भाकरी, वर ठेचा. भरीत असं काही झालं होतं की तिसऱ्या घासाला माझा संशय पार मिटला. असं भरीत करणारी बाई चोरी करूच शकत नाही. मी वहीत तसं लिहिलं, तेलाच्या बोटानेच.

गुरुवारी मी स्वतः पाळत ठेवायची ठरवली. दिवेलागणीच्या आधी मी निंबाखाली बसलो, अंगावर आमच्या हिची गोधडी पांघरून, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं कुणीतरी गोधडी टाकून गेलंय. तोंड फाटकाकडे, पाठ तारेकडे. नवशिके वस्तूकडे बघत बसतात. चोर येतो तिकडे बघायचं असतं.

पाऊण तास डास चावले. हललो नाही. मागून पावलं वाजली. कलाबाई.

“भाऊ, ताप आला का?”

“मी इथे नाही,” मी गोधडीतून म्हणालो.

“बरं,” त्या म्हणाल्या. पलीकडे जरा खुडबुड झाली, त्यांनी तुळशीपुढे दिवा लावला आणि गेल्या. फाटकातून माणूस सोडा, कुत्रं आलं नाही. मी उठून वळलो तर तार रिकामी! पाचवी गेली. मी धावत कलाबाईंना गाठलं.

“आत्ता अंगणात कुणी आलं होतं?”

“नाही बा. तुम्ही आणि मीच होतो.”

मी वहीत लिहिलं, ‘चोर अदृश्य.’ परत आलो तर सीटवर पाचवं कव्हर. माझा चाहताही अदृश्यच होता. एकाच ओळीत दोन अदृश्य माणसं, म्हणजे संघटना मोठी असणार.

प्रमिलाबाईंनी त्यानंतर माझं ऐकणं सोडलं. उरलेल्या दोन वरचड्ड्या त्यांनी घरातच वाळत घातल्या. दमट हवेत त्या वाळेनात, वास मारायला लागल्या. शुक्रवारी हर्षलच्या मांडीवर लाल चट्टे उठले. दुसरा रेनकोट आणायचा, कापायचा, शिवायचा तर वेळ कुठे होता?  वैजयंता नुसती पिशवी भरत बसली होती, एक झबलं घडी करायची, उलगडायची, पुन्हा घडी करायची. खरं सांगतो, तेव्हा मी पहिल्यांदा वही मिटून खिशात टाकली. मी म्हणालो, “उद्या संध्याकाळी गुन्हेगार तुझ्यासमोर उभा करतो. शब्द आहे चुडामणचा.”

ती म्हणाली, “काका, गुन्हेगार नको मला. वरचड्ड्या हव्यात.”

शनिवारी दुपारभर मी विचार केला. परदेशी कंपनीवरही केला. कागदी लंगोट विकणाऱ्यांना प्रमिलाबाईंची धास्ती वाटणारच. पण मग एक गोष्ट चमकली आणि सगळं लख्ख झालं.

दिवेलागणीला मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. प्रमिलाबाई, निंबाभाऊ, पोराला घेऊन वैजयंता, भटू. कलाबाई आपल्या दारात, तोंड दुसरीकडे करून. मी सायकलवर बसलो, एक पाय जमिनीला टेकायचा प्रयत्न केला, तो टेकेना, म्हणून निंबाच्या खोडाला धरलं.

“मंडळी,” मी म्हणालो, “पाच दिवसांत पाच वस्तू. निंबाभाऊ निर्दोष आहेत. गोणीत समाधानी आहेत. कलाबाई निर्दोष आहेत. त्याचा पुरावा मी खाल्ला. मग राहिलं कोण? ज्याचा कधीच संशय येत नाही तो. जो सतत माझ्याबरोबर होता. जो मुद्दाम माझं लक्ष भलतीकडे वळवत होता. भाऊ, सीट उच्ची व्हयनी! भाऊ, सीट उच्ची व्हयनी! काय करायचंय रे तुला माझ्या सीटशी? भटू, चोर तू आहेस!”

भटूने मिशीवरून हात फिरवला. “भाऊ, मी खांबवर चढस. चड्डी मन्ही मोठी शे.”

एवढ्यात फाटक वाजलं. आमची ही आली. एका हातात पिशवी, काखेत केळीची फणी, मागे रिक्षावाला सामान घेऊन. ती अंगणात आली, थांबली, एकदा सगळ्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, मग माझ्या खाली.

“माय वं,” ती म्हणाली. “अहो, त्या लेकराच्या चड्ड्या तुमच्या बुडाखाली काय करू राहिल्या?”

सगळ्यांच्या माना एकदम माझ्या सीटकडे वळल्या. मी सावकाश खाली उतरलो. प्रमिलाबाई पुढे आल्या, आणि कांद्याचे पापुद्रे सोलावेत तशी एकेक काढत गेल्या. एक. दोन. तीन. चार. पाच. खाली माझी मूळ सीट निघाली, फाटकी.

“हे माझ्या चाहत्याने...” मी म्हणालो.

“कोण चाहता हो तुमचा?” ही म्हणाली. “कला ठेवते ते सीटवर! तीन वर्षं ठेवते. तुम्हाला काबरं दिसेल?”

आणि मग तिने फडाफड सगळं बाहेर काढलं. दोन घरांत अबोला, पण वस्तू काही अबोला धरत नाहीत. कलाबाईंकडे लोणचं घातलं की एक वाटी सीटवर. प्रमिलाबाईंच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं, चिठ्ठी सीटखाली. ही रोज दिवेलागणीला दिवा लावायला मागे यायची, सीटवर जे असेल ते उचलायची आणि पलीकडच्या घरी द्यायची, कुणी दिलं ते न सांगता. हर्षलच्या वरचड्ड्याही रोज तशाच जात होत्या. ही सावद्याला गेली आणि मधलं माणूसच राहिलं नाही. मधे राहिलो फक्त मी, आणि हिच्यामागे मी पोचवतोय असं कलाबाई धरून चालल्या होत्या.

“तीन वर्षं माझ्या सायकलवरून टपाल चाललंय?” मी विचारलं.

“बठ्ठा गावले माहित शे,” भटू म्हणाला.

निंबाभाऊ हसू दाबत खोकायला लागले. पण प्रमिलाबाई हसल्या नाहीत. पाच वरचड्ड्या छातीशी धरून त्या कलाबाईंच्या दाराकडे बघत होत्या. कलाबाई चौकटीला घट्ट धरून उभ्या, रंगेहाथ पकडल्यासारख्या.

“आता ऐका दोघी,” ही म्हणाली. केळीची फणी तिने ओट्यावर आपटलीच. “माझ्या हातून आता एक वाटीसुद्धा जायची नाही. मी आठ दिवस गाव सोडलं तर एका लेकराची चड्डी या दारातून त्या दारात जाऊ शकत नाही? उद्या मी मेले तर काय कराल?”

 हर्षल आपल्या मुठी चोखत होता. मग कलाबाई बोलल्या. तीन वर्षांत पहिला शब्द, आणि तोही ओरडून.

“तिन्हीसांजेला लेकराचं कापड बाहेर ठेवतात का वं, प्रमिला? चार बाळंतपणं झाली तुझी, अक्कल आली नाही?”

“ते कापड आहे का? रेनकोट आहे तो!” प्रमिलाबाई तितक्याच जोरात.

“लेकराच्या अंगाला लागलं की लेकराचं! रोज जीव वरखाली होतो माझा. वारं लागेल, नजर लागेल. तुला सांगू तर कशी? तूच म्हटलं ना, वस्तूला हात लावायचा नाही!”

“म्हटलं! दीडशे बिबड्यांचा दगड केलास, मग काय पूजा करू तुझी? हाक मारता येत नव्हती? तीन वर्षं कान लावून बसली मी त्या भिंतीला, की आता हाक मारशील, आता मारशील!” आणि प्रमिलाबाई मोठ्याने रडायला लागल्या.

कलाबाई ओटा उतरून आल्या. दोन पावलांवरच घर होतं. त्यांनी पाचही वरचड्ड्या प्रमिलाबाईंच्या हातून ओढून घेतल्या, नाकाशी नेल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की मी भटूमागे सरकलो.

“धुवायला पाहिजे या,” त्या म्हणाल्या. “चांगल्या दोनदा.”

मग माझ्या चौकशीला कुणाला वेळ नव्हता. एकीने पाणी तापवलं, दुसरीने शेगडी पेटवली, वर टोपली उपडी घातली आणि टोपलीवर सातही वरचड्ड्या मांडल्या. दोघी दोन बाजूंनी बसून शिवणी दाबून दाबून बघत होत्या, आणि भांडत होत्या, तीन वर्षांचं सगळं. निंबाभाऊंनी एक वरचड्डी उजेडात धरून पाहिली. माझं वजन ब्याऐंशी किलो, खड्डे जळगावचे, तरी एक टाका उसवला नव्हता. “ही नरडाण्याला टिकेल,” ते म्हणाले. तपासाला माझा हातभार लागला तो असा. पण याची कुठे नोंद झाली नाही.

रविवारी पॅसेंजरला दोघी मिळून पोहोचवायला गेल्या. आठ दिवसांनी वैजयंताचं पत्र आलं. प्रमिलाबाईंनी ते अंगणात मोठ्याने वाचलं. हर्षलला आबांच्या गादीवर दोन तास झोपवलं होतं. आबांनी खाली हात घालून बघितलं. मग चष्मा लावून परत बघितलं. कोरडं. आता रोज दुपारी आबा स्वतः त्याला शेजारी घेऊन झोपतात आणि वैजयंता निवांत बसून जेवते. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, ‘चुडामणकाकांनाही नमस्कार सांगावा.’ कलाबाईंनी ते वाक्य प्रमिलाबाईंना पुन्हा वाचायला लावलं, कारण त्यांना खरं वाटेना.

माझ्या सीटवर मात्र आता काही येत नाही. वाटी नाही, चिठ्ठी नाही. दोघी सरळ भिंतीवरून ओरडतात. फाटक्या सीटवर बसून मीटर वाचताना मला कधी कधी वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि एका बुधवारी दिवेलागणीला बघतो तर सीटवर पुन्हा एक कव्हर. काळं, छत्रीच्या कापडाचं, इलास्टिक लावलेलं. पण आता मी तो चुडामण राहिलो नव्हतो. अनुभवाने माणूस शिकतो. मी दोन बोटांत धरून ते प्रमिलाबाईंकडे नेलं. “छत्री कलाची आहे, तिला विचारा,” त्या म्हणाल्या. कलाबाईंकडे नेलं. “शिवण प्रमिलाची, तिला विचारा.” पुन्हा प्रमिलाबाई, पुन्हा कलाबाई. चौथ्या फेरीला दोघी आपापल्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी म्हणालो, हे पुढच्या पॅसेंजरने नरडाण्याला पाठवायला हवं, पोराचं अडत असेल.

ही ओट्यावर लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, लेकराला पाय किती असतात?”

“दोन.”

“आणि त्या कव्हराला भोकं किती आहेत?”

मी भिंग लावून पाहिलं. उलटून पाहिलं. भोक एकच होतं.

तेव्हापासून मी त्याच्यावर बसतो. पण दिवेलागणीला न विसरता काढून आत आणतो. तिन्हीसांजेला बाहेर ठेवायचं नसतं.